सांबाराचे बारसे

गेल्या मार्गशीर्षात पुण्यास एका लग्नाला गेलो होतो. जेवण उभ्याने घ्यावयाचे होते, आणि एका मेजावर इडली व सांबार मांडलेले होते. वाफाळलेल्या वाटीकडे बोट दाखवून वरपक्षाकडील एक सुशिक्षित तरुण मला म्हणाला, "आजोबा, हे दाक्षिणात्यांचे नव्हे बरे का! हे आपलेच." आणि त्याने ती गोष्ट सांगितली.

गोष्ट वाचकांनी ऐकलेलीच असेल. तंजावरचे शहाजीराजे, म्हणजे व्यंकोजीराजांचे चिरंजीव, स्वयंपाकाचे मोठे शौकीन. त्यांना आमटी प्रिय. आमटीसाठी आमसुले कोकणातून येत. एके दिवशी ती संपली. तेव्हा कोणी चतुर माणसाने सुचविले की, महाराज, या मुलखात आंबटपणासाठी चिंच वापरतात, ती घालून पाहावी. राजांनी चिंच घातली, तुरीची डाळ घातली, भाज्या घातल्या. त्या दिवशी छत्रपती संभाजीराजे पाहुणे म्हणून पंगतीस होते. त्यांना तो पदार्थ फार आवडला. म्हणून त्याचे नाव पडले 'संभा-आहार', आणि त्याचेच पुढे झाले सांबार!

आजूबाजूच्या मंडळींनी माना डोलावल्या. एका गृहस्थांनी अभिमानाने दुसऱ्यांदा वाटी भरून घेतली. मी मात्र वाटी खाली ठेवली. मला राग आला होता. सांबारासारख्या क्षुल्लक वस्तूसाठी म्हाताऱ्याने लग्नात रागवावे काय, असे कोणी म्हणेल. म्हणूनच त्या रागाचा हिशेब येथे मांडतो.

मी वऱ्हाडातला. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. हिरवागार, मुळांना माती लागलेला, भाजीबाजारात जुडीने मिळणारा सांबार. लहानपणी रोज सकाळी आई ओरडायची, "जाय बापा, एक आण्याचा सांबार घेऊन ये." नागपूरकडे सांबारवडी होते, तिच्या पोटात हाच सांबार, खसखस आणि खोबरे घालून असतो. इडलीशी खायचा तो पातळ पदार्थ आम्ही पुष्कळ पुढे पाहिला.

शिक्षणासाठी पुण्यास आलो तेव्हा मंडईत जाऊन मी भाजीवालीकडे सांबार मागितला. ती खदखदा हसली. शेजारणीला म्हणाली, "याला सांबार पायजे! अरे बाळा, उडप्याच्या हॉटेलात जा." माझ्याबरोबरचे पुणेकर मित्रही हसले. 'सांबार' हा आमचा गावंढळ, अशुद्ध शब्द ठरला. त्यानंतर पुण्यात मी तो शब्द पुन्हा उच्चारला नाही. कोथिंबीर म्हणावयास शिकलो, आणि सुटीत घरी गेल्यावर आईपुढेही एकदा चुकून कोथिंबीरच म्हणालो. आई काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

ज्या शब्दाला त्या दिवशी हसले, त्याच शब्दावर आता राजाचे नाव लावून अभिमान मिरवितात. माझ्या रागाचे मूळ येथे आहे. परंतु राग हा काही पुरावा नव्हे. तेव्हा ती गोष्टच प्रथम तपासून पाहू.

तंजावरचे शहाजीराजे गादीवर आले १६८४ मध्ये. त्यांचा जन्म १६७२ चा. म्हणजे गादीवर आले तेव्हा ते बारा वर्षांचे होते. छत्रपती संभाजीराजांचा अंत ११ मार्च १६८९ रोजी झाला. तेव्हा ही मेजवानी झाली असलीच तर या पाच वर्षांच्या आतच झाली असली पाहिजे. या पाच वर्षांत पाकशास्त्रनिपुण यजमानाचे वय बारा ते सतरा! आणि पाहुण्यांची अवस्था काय? औरंगजेब १६८१ च्या अखेरीस बुऱ्हाणपुरास येऊन ठेपला होता. १६८६ मध्ये त्याने विजापूर घेतले, १६८७ मध्ये गोवळकोंडे घेतले. संभाजीराजे त्या काळात मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी झगडत होते. रायगडापासून तंजावर हजार किलोमीटरांहून दूर. हे अंतर तोडून संभाजीराजे आपल्या लहान चुलतभावाच्या हातची आमटी खावयास गेले, असे ज्यांना म्हणावयाचे आहे त्यांनी एखादे पत्र, एखादी बखर, एखाद्या परकी वकिलाची टिपणी पुढे करावी. कथा सांगणारे शेकड्यांनी भेटतात. कागद दाखविणारा एकही भेटत नाही.

आता चिंचेचे पाहू. या गोष्टीचा सारा डोलारा चिंचेवर उभा आहे. चिंच घालावी हे राजाला कोणी तरी सांगावे लागले म्हणे! अहो, भोसल्यांचे घराणे देशावरचे. व्यंकोजीराजे तंजावरास गेले ते बंगळूरच्या जहागिरीतून. देशावर काय किंवा कर्नाटकात काय, आमसुलावाचून कोणाची आमटी कधी अडली आहे? चिंचगुळाची आमटी हा देशावरच्या घरांतला नित्याचा पदार्थ. आमसुले हे कोकणचे लाडके; कोकणाबाहेर त्यांचे राज्य नाही. शिवाय तमिळ भाषेत 'पुळी' म्हणजे आंबट आणि पुळी म्हणजेच चिंचही. ज्या देशात आंबट आणि चिंच या दोहोंना एकच शब्द आहे, त्या देशात चिंचेचे पातळ कालवण करण्यासाठी कोणा मराठी राजाची आमसुले संपण्याची वाट पाहिली गेली असेल काय? चिंचेच्या कोळातले 'कुळंबू' तेथे घरोघर होते. शेजारच्या कन्नड मुलखात तर सांबारासारख्या पदार्थाचे नावच 'हुळी', म्हणजे आंबट. आणि आपली आमटी तरी दुसरे काय आहे? तीही आंबटच.

आता राहिले नाव. 'संभा' अधिक 'आहार' अशी फोड ज्याने प्रथम केली त्याने स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकले नसावे. आहार हा वैद्यांचा आणि डॉक्टरांचा शब्द. कोणत्या मराठी घरात वाटीतल्या आमटीला आहार म्हणतात? 'आज दोडक्याचा आहार केला आहे' असे कोणती गृहिणी म्हणते? परंतु आहाराला बोलाविल्यावाचून त्या विद्वानांची सोय नव्हती, कारण संभाजी या नावात कोठेही 'र' नाही. तो कोठून तरी आणणे भाग होते.

दुसरे असे की आपल्याकडे पदार्थांची बारशी या रीतीने होतच नाहीत. मिसळलेली ती मिसळ. कढविलेली ती कढी. पिठाचे ते पिठले. चक्रासारखी ती चकली. पुरण भरलेली ती पुरणपोळी. आपल्या पदार्थांना नावे मिळतात ती त्यातल्या जिनसांवरून, कृतीवरून, आकारावरून किंवा चवीवरून. खाणाऱ्या बड्या माणसाचे नाव पदार्थाला देण्याची चाल युरोपातली. सँडविच हे इंग्लंडातल्या एका उमरावाच्या नावावरून आले. बेशामेल हे फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या एका अधिकाऱ्याच्या नावावरून. संभाजीराजांची गोष्ट त्याच साच्यातून काढलेली आहे. पुण्याच्या मस्तानीकडे कोणी बोट दाखवील. पण ते पेय विसाव्या शतकातले, दुकानदारीतले, आणि बाजीरावाच्या मस्तानीने ते कधी चाखलेले नाही. दुकानदाराने नाव ठेवणे वेगळे आणि लोकांच्या तोंडी नाव रुळणे वेगळे.

मग सांबार आले कोठून? यासाठी राजवाड्यात जावयास नको. पूजेच्या पाटापाशी बसले तरी पुरे. संस्कृतात 'संभार' म्हणजे गोळा केलेली सामग्री. सम् म्हणजे एकत्र, आणि भृ म्हणजे वाहणे, आणणे. वैदिक अग्न्याधानात अग्नी स्थापण्यापूर्वी वाळू, खारी माती, वारुळाची माती, उंदराने उकरलेली माती अशा वस्तू जमवीत. त्यांना संभार म्हणत. पूजेचे साहित्य तो पूजासंभार. डोईवरच्या दाट केसांना आपण आजही केशसंभार म्हणतो. यज्ञाला जसा संभार लागतो तसा फोडणीलाही लागतो. मिरे, धणे, जिरे, मेथी, हिंग, खोबरे, हिरवा मसाला, हा सारा स्वयंपाकाचा संभार.

आता हा शब्द कोठे कोठे कोणत्या वेषात राहतो ते पाहा. वऱ्हाडात तो कोथिंबीर झाला, कारण रोजच्या मसाल्यातली ती सर्वांत नजरेत भरणारी वस्तू. मालवणकडे काळ्या वाटाण्याचे सांबार होते. त्यात भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण असते आणि तुरीच्या डाळीचा पत्ता नसतो. गुजरातेत कोबी, गाजर किंवा कच्ची पपई किसून नुसती मोहरीच्या फोडणीत परततात. त्याला म्हणतात 'संभारो'. केरळात 'संभारम्' मागा. तुमच्या पुढ्यात आले, मिरची आणि कढीलिंब घातलेले ताक येईल. तमिळमध्येही मसाल्याच्या सामग्रीला 'संबारम्' हा शब्द आहेच. कोथिंबीर, वाटाणे, कोबी, ताक आणि डाळ! या पाचांत समान काय? ना चिंच, ना डाळ, ना तंजावर. समान एवढेच की पाचांचा जीव मसाल्यात आहे. आता संभाजीराजांच्या कथेचा कैवार घेणाऱ्यांनी मला सांगावे, राजे गुजरातेत कोबी खावयास केव्हा गेले होते? केरळात ताक प्यावयास केव्हा? आमच्या आईच्या कोथिंबिरीच्या जुडीशी त्यांची गाठ कोठे पडली? एक शब्द पाच घरी नांदत असता त्यातल्या एकाच घरासाठी वेगळा बाप शोधणे हे व्युत्पत्तिशास्त्र नव्हे. असल्या शास्त्राने उद्या सांबर नावाच्या हरणाचाही या वाटीशी संबंध जोडता येईल.

येथपर्यंत कोणी म्हणेल, ठीक आहे, गोष्ट खोटी. पण गोड आहे ना? मराठी माणसाला चार घटका बरे वाटते, त्यात कोणाचे काय गेले? गेले, पुष्कळ गेले. ज्यांचे गेले त्यांची नावे सांगतो.

पहिले संभाजीराजे. संस्कृतात 'बुधभूषण' हा ग्रंथ ज्यांच्या नावावर आहे, ज्यांनी नऊ वर्षे एका साम्राज्याचा लोंढा अंगावर घेतला आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षाच्या आत ज्यांना हाल हाल करून मारण्यात आले, त्या पुरुषाची आठवण आपण कशावर ठेवणार? आमटी आवडली यावर? त्यांच्याविषयी एकही पुस्तक न उघडलेला माणूस ही गोष्ट मात्र तोंडपाठ म्हणून दाखवितो. याला मी भक्ती म्हणत नाही.

दुसरे तंजावरचे शहाजीराजे. या राजाने मराठीत नाटके लिहिली, तेलुगूत यक्षगाने लिहिली. तिरुविसनल्लूर हा गाव १६९३ मध्ये चाळीसहून अधिक पंडितांना अग्रहार म्हणून दिला. कावेरीकाठी राहून चार भाषांची मैफल भरविणारा हा मराठी राजा. त्याचे 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे नाटक किती मराठी माणसांना नावाने तरी ठाऊक आहे? त्याच घराण्यातील दुसऱ्या सरफोजीराजांनी वाढविलेले सरस्वती महाल ग्रंथालय आजही तंजावरात उभे आहे. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा प्रचंड मराठी शिलालेख आहे. तंजावरास गेलेले आमचे प्रवासी देवळासमोर उभे राहून छायाचित्र काढतात, जवळच्या हॉटेलात सांबार खातात, 'हे आपलेच' म्हणतात आणि परत येतात. भिंतीवरचे मराठी न वाचताच परत येतात.

तिसरे आपले तमिळ शेजारी. साडेतीनशे वर्षे त्या मुलखात मराठी घरे नांदत आहेत. त्यांनी घरात आपली मराठी जपली, बाहेर तमिळ आपलीशी केली, आणि दोन्हींचे भांडण लावले नाही. आपण मात्र येथे बसून त्यांच्या रोजच्या अन्नावर मालकीचा शिक्का मारतो. मग तिकडचा कोणी चिडून म्हणतो की मराठ्यांचा सांबाराशी काडीचा संबंध नाही. असा एका खोट्याने दुसऱ्या अर्ध्या खोट्याला जन्म दिला. खरे म्हणजे डाळीची आमटी आणि चिंचेचे कुळंबू तंजावरच्या चुलीवर एकमेकांस भेटली असतील, तर त्यात नवल ते काय? शेजारणी वाटी देतात आणि वाटी घेतात. त्या वाटीची नोंद कोणत्याही दरबारात होत नसते.

आणि चौथ्या त्या शेजारणीच. ज्यांनी डाळ घोटली, चिंच कोळली, धणे भाजले, कोणती भाजी आधी आणि कोणती मागाहून घालावी हे पोळलेल्या बोटांनी ठरविले, त्या बायका. पदार्थ असा एका दुपारी, एका राजाच्या लहरीने, आमसुले संपल्यामुळे जन्मास येत नाही. तो शंभर वर्षे हजार चुलींवर थोडा थोडा होत असतो. त्याचे श्रेय एका बारा वर्षांच्या राजाला आणि त्याच्या पाहुण्याला देणे म्हणजे त्या साऱ्या हातांना पंगतीतून उठविणे होय. आपल्याला राजाचे नाव लागल्यावाचून वस्तू मोठी वाटत नाही, हा रोग सांबारापुरता नाही. पण सांबारात तो स्वच्छ दिसतो.

आता अखेरची एक गोष्ट सांगतो. ती मी पुष्कळ दिवस मनात घोळवीत होतो. संस्कृतातल्या स्कम्भाचा मराठीत 'खांब' होतो. त्यात दोन फरक घडतात. पहिला स्वर लांबतो, आणि 'भ' चा 'ब' होतो. आता संभार या शब्दाला हाच न्याय लावा. सांबार! वऱ्हाडातले आणि मालवणातले रूप तंतोतंत हेच आहे. गुजरातीतल्या संभारोत, मल्याळीतल्या संभारम् मध्ये, तमिळमधल्या जुन्या संबारम् मध्ये पहिला स्वर ऱ्हस्वच राहिला आहे. त्या पातळ कालवणाला तमिळ माणूस जे नाव देतो त्यात मात्र तो दीर्घ आहे. साम्बार. 'ब' आणि 'भ' यांचा फरक तमिळ लिपी दाखवीत नाही, तेव्हा त्याविषयी मी बोलत नाही. पण तो लांबलेला 'सां' माझ्या कानांना मराठी लागतो. तंजावरच्या मराठी घरांतून तो शब्द त्या मुलखाच्या तोंडी गेला असावा, असे मी यावरून अनुमान करतो. अनुमानच, शपथेवर सांगत नाही.

पण हे अनुमान खरे असेल तर पाहा काय झाले. मराठी भाषेचा सांबारावर हक्क आहेच. आणि तो त्या गोष्टीतल्या हक्कापेक्षा कितीतरी मोठा आहे. तो हक्क राजाच्या नावाचा नसून रोजच्या बोलण्यातल्या एका साध्या स्वराचा आहे. तो स्वर तंजावरास नेला तो हंडा, उखळी आणि मसाल्याचा डबा बरोबर घेऊन गेलेल्या बायकांनी. आणि तोच स्वर वऱ्हाडातल्या बाजारात अजून जसाच्या तसा उभा आहे. आपण त्याला गावंढळ म्हणून हसलो, हातचा खरा दागिना फेकून दिला, आणि पितळेचा मुकुट डोक्यावर घालून मिरवीत आहोत.

त्या लग्नातल्या तरुणाला मी हे सारे सांगितले नाही. उभ्याने जेवताना एवढे सांगता येत नाही. मी त्याला इतकेच विचारले, "तुझ्या आईकडची माणसे कुठली?" तो म्हणाला, "अकोल्याची." मी म्हटले, "मग घरी गेल्यावर आजीला विचार, सांबार म्हणजे काय."

तो हसला. "आजी कोथिंबिरीला सांबार म्हणते. आम्ही तिची चेष्टा करतो."

मी म्हटले, "करू नकोस. तुझ्या गोष्टीतला खरा भाग तिच्यापाशी आहे."

त्याने आजीला विचारले की नाही मला ठाऊक नाही. मी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मंडईत गेलो. साठ वर्षांनी त्याच मंडईत उभा राहून, मोठ्याने, भाजीवालीला म्हणालो, "बाई, एक जुडी सांबार द्या."

तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि निमूटपणे कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली. म्हणाली, "आमचे जावई पण वऱ्हाडातलेच."